न जमणाऱ्या रेणूंची सोयरीक

पाण्यात मीठ विरघळते, दुधात साखर विरघळते. तेल मात्र पाण्यात कितीही घुसळले तरी थोड्या वेळाने पुन्हा वर येऊन बसते. हे आपण सर्वांनी पाहिलेले आहे. आता एक वेगळा प्रश्न विचारतो. दोन प्रकारचे प्लॅस्टिक वितळवून एकत्र ढवळले, तर ते मिठासारखे मिसळतील की तेलासारखे वेगळे राहतील?

बहुतेक विद्यार्थी उत्तर देतात, ‘मिसळतील. दोन्ही प्लॅस्टिकच ना!’ प्रत्यक्षात बहुतेक जोड्या मिसळत नाहीत. डोळ्यांना मिश्रण एकजीव दिसले, तरी सूक्ष्मदर्शकाखाली एका प्लॅस्टिकमध्ये दुसऱ्याचे थेंब अडकलेले दिसतात. असे मिश्रण पुष्कळदा आपल्या दोन्ही घटकांपेक्षा दुबळे निघते.

हा प्रश्न केवळ प्रयोगशाळेपुरता नाही. ओला कचरा भरण्यासाठी ज्या ‘कंपोस्ट होणाऱ्या’ पिशव्या मिळतात, त्यांतील बऱ्याचशा अशा न जमणाऱ्या प्लॅस्टिकच्या मिश्रणातूनच तयार होतात. पिशवी जिन्यातच फाटली, तर घरातली माणसे दुसऱ्या दिवशी पुन्हा जुन्या पॉलिथीनकडे वळतात. म्हणजे मातीत मिसळून जाणारे प्लॅस्टिक लोक वापरतील की नाही, हे पुष्कळ अंशी या रेणूंचे आपापसांत जमते की नाही, यावर ठरते. ही जमवाजमव शास्त्रज्ञ कशी करतात, ते पाहू या.

एकट्याने भागत नाही

प्लॅस्टिक म्हणजे बहुवारिक. लहान लहान रेणू साखळीतील दुव्यांप्रमाणे एकापुढे एक जोडले जाऊन त्यांचा लांबलचक रेणू बनतो. पॉलिथीनच्या साखळीचा कणा कार्बन-कार्बन बंधांचा असतो. तो तोडण्याचे साधन बहुतेक सूक्ष्मजीवांजवळ नाही. म्हणून पॉलिथीन वर्षानुवर्षे तसेच राहते. जैवविघटनशील बहुवारिकांच्या साखळीत मात्र पाण्याने किंवा सूक्ष्मजीवांच्या विकरांनी तुटू शकतील असे बंध असतात. अशा तीन बहुवारिकांची ओळख करून घेऊ.

पहिले पॉलिलॅक्टिक आम्ल, म्हणजे पीएलए. दह्याला आंबटपणा देणारे लॅक्टिक आम्ल तुम्हांला ठाऊक आहे. कार्ल शेले या रसायनशास्त्रज्ञाने १७८० मध्ये ते नासलेल्या दुधातून वेगळे केले. मका किंवा ऊस यांच्यातील साखर आंबवून हे आम्ल मिळते आणि त्याचे रेणू जोडले की पीएलए तयार होते. नायलॉनचा जनक वॉलेस कॅरोदर्स याने १९३२ च्या सुमारास ते बनवून पाहिले होते. पण त्याच्या साखळ्या आखूड होत्या. मोठ्या प्रमाणावर उत्पादन व्हायला २००२ साल उजाडावे लागले. त्या वर्षी अमेरिकेत नेब्रास्का राज्यातील ब्लेअर येथे मोठा कारखाना सुरू झाला. आपल्याकडेही, उसाच्या पट्ट्यातच, पुणे जिल्ह्यातील जेजुरी येथे २०२४ मध्ये अशा जैवबहुवारिकांचे प्रात्यक्षिक संयंत्र उभे राहिले.

पीएलए पारदर्शक, चकचकीत आणि ताठ असते. दोष एकच, पण मोठा. ते ठिसूळ असते. त्याची पट्टी ताणली, तर मूळ लांबीच्या साधारण ३ ते ६ टक्के वाढते आणि काडकन तुटते. शिवाय ६० अंश सेल्सिअसच्या आसपास ते मऊ पडते. साध्या पीएलएच्या पेल्यात कढत चहा ओतला, तर पेला वाकतो.

दुसरे बहुवारिक पॉलिब्युटिलीन ॲडिपेट टेरेफ्थॅलेट. नाव भारदस्त आहे, म्हणून त्याला पीबीएटी म्हणू. जर्मनीतील बीएएसएफ कंपनीने ते १९९८ मध्ये बाजारात आणले. याचा स्वभाव पीएलएच्या अगदी उलट. ते मूळ लांबीच्या पाच-सहा पटींहून अधिक ताणले तरी तुटत नाही. पण ते लिबलिबीत असते. त्याचा ताठरपणा पीएलएच्या तिसाव्या हिश्श्याच्या आसपास भरतो. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. पीबीएटी मुख्यतः खनिज तेलापासून बनते, तरीही ते जैवविघटनशील आहे. पदार्थ कशापासून बनला आणि पुढे तो कुजेल की नाही, हे दोन निरनिराळे प्रश्न आहेत. उत्तर साखळीतील बंधांवर अवलंबून असते.

तिसरे बहुवारिक तर आपल्या स्वयंपाकघरातच आहे. ते म्हणजे स्टार्च. तांदळाच्या पिठीची उकड काढताना काय होते, ते आठवा. गरम पाण्यात स्टार्चचे कण फुगतात, फुटतात आणि मोकळ्या, लवचीक लगद्यात त्यांचे रूपांतर होते. त्याला हवा तसा आकार देता येतो. पापडाची लाटी ओली असताना वाकते, पापड वाळला की मोडतो. पाण्याचे रेणू स्टार्चच्या साखळ्यांमध्ये शिरून त्यांना एकमेकींवरून सरकू देतात. पाणी गेले की साखळ्या एकमेकींना घट्ट धरून बसतात. उद्योगात पाण्याऐवजी ग्लिसरीन वापरतात, कारण ते सहजी उडून जात नाही. उष्णता, दाब आणि ग्लिसरीन यांच्या साहाय्याने मऊ केलेला हा स्टार्च सर्वांत स्वस्त असतो. पण तो पाणी शोषतो, आणि जसा शिळा भात टणक होतो तसा काही दिवसांनी कडक होत जातो.

एक ठिसूळ, एक लिबलिबीत, एक पाण्याला भिणारा. मग तिघांना एकत्र का करू नये? ताठरपणा पीएलएचा, लवचीकपणा पीबीएटीचा आणि स्वस्ताई स्टार्चची! कल्पना उत्तम, अडचण अशी, की तिघांपैकी कोणाचेच कोणाशी धड जमत नाही.

रेणू मिसळत का नाहीत?

हे समजण्यासाठी थोडे गणित करू. कागदावर एका ओळीत १६ चौकोन काढा. आठ लाल आणि आठ निळे मणी घ्या. ते या चौकोनांत किती वेगवेगळ्या प्रकारांनी मांडता येतील? उत्तर आहे १२,८७०. यांपैकी ‘सगळे लाल एकीकडे, सगळे निळे दुसरीकडे’ अशा रचना फक्त दोन. बाकी सर्व रचनांत मणी कमी-अधिक मिसळलेलेच असतात. मणी सारखे हलवत राहिलो, तर ते मिसळलेले दिसण्याचीच शक्यता फार मोठी. पाण्यात साखर पसरते ती याच कारणाने. शक्य रचनांच्या या संख्येशी जी राशी निगडित आहे, तिला भौतिकीत एन्ट्रॉपी म्हणतात.

आता दोन-दोन मणी दोऱ्यात ओवून जोड्या करा. चार लाल, चार निळ्या. या आठ जोड्या ओळीत मांडण्याचे प्रकार उरतात ७०. चार-चार मण्यांच्या माळा केल्या, तर ६. आणि आठही लाल मणी एका माळेत, आठही निळे दुसरीत ओवले, तर अवघे २! मणी तेवढेच, चौकोन तेवढेच. केवळ ओवल्यामुळे मिसळण्याची मुभा १२,८७० वरून २ वर आली.

खऱ्या बहुवारिकाची साखळी सरळ नसते, ती शेवयांसारखी वेटोळी असते, म्हणून हे आकडे तिला जसेच्या तसे लागू होत नाहीत. तत्त्व मात्र हेच. पीएलएच्या एका दुव्याचा रेणुभार ७२ असतो. एक लाख रेणुभाराच्या साखळीत सुमारे १,४०० दुवे झाले. इतके दुवे हात धरून उभे असल्यावर मिसळण्यातून होणारा एन्ट्रॉपीचा लाभ जवळजवळ शून्यावर येतो.

दुसरी बाजू ऊर्जेची. शेजारी कोण बसला आहे, यावर रेणूची ऊर्जा कमी-जास्त होते. पीएलए व पीबीएटी दोन्ही एस्टर जातीची आहेत. त्यांची एकमेकांविषयीची नावड अगदी किरकोळ असते. पण ही नावड दर दुव्यामागे मोजावी लागते आणि मिसळण्याचा लाभ मात्र दर साखळीमागे एकदाच मिळतो. किरकोळ नावड १,४०० वेळा घेतली, की ती किरकोळ राहत नाही! पॉल फ्लोरी आणि मॉरिस हगिन्स यांनी स्वतंत्रपणे हा हिशेब १९४१-४२ च्या सुमारास मांडला. बहुवारिकांवरील एकूण कार्याबद्दल फ्लोरी यांना १९७४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

स्टार्चच्या बाबतीत नावड अधिकच तीव्र आहे. त्याच्या साखळीवर ठिकठिकाणी हायड्रॉक्सिल गट असतात. ते पाण्याशी आणि एकमेकांशी हायड्रोजन बंध जोडतात. पीएलए व पीबीएटी यांना पाण्याचे फारसे आकर्षण नाही. म्हणजे तेल आणि पाण्याचेच हे नाते.

सगळ्याच जोड्या अशा दुर्दैवी नसतात. पॉलिस्टायरीन आणि पॉलिफेनिलीन ऑक्साइड ही दोन बहुवारिके पूर्णपणे एकमेकांत मिसळतात. मात्र असे अपवाद थोडे.

थेंब, सीमा आणि तडा

कारखान्यात हे मिश्रण एक्स्ट्रूडर नावाच्या यंत्रात होते. चकलीचा सोऱ्या डोळ्यांसमोर आणा. फक्त दट्ट्याऐवजी फिरणारे लांब मळसूत्र आणि भोवती तापलेले नळकांडे. प्लॅस्टिकचे दाणे एका टोकाने आत जातात, वितळतात, मळले जातात आणि दुसऱ्या टोकाने बाहेर पडतात.

समजा, ८० भाग पीएलए आणि २० भाग पीबीएटी घेतले. मळसूत्राच्या घुसळण्याने पीबीएटीचे थेंब होतात. थेंब मोडणे हे यंत्राचे काम. पण दोन थेंब आपटले की ते पुन्हा एक होऊ पाहतात, कारण त्यामुळे सीमेचे क्षेत्रफळ घटते. पावसाचे थेंब खिडकीच्या काचेवर एकमेकांत मिसळून मोठे होतात, तसेच हे.

थेंब लहान असण्याला महत्त्व का? साधा हिशेब करा. १ घन सेंटिमीटर पीबीएटीचे १० मायक्रॉन व्यासाचे थेंब केले, तर सर्वांचे पृष्ठफळ मिळून ०.६ चौरस मीटर भरते. तेच थेंब १ मायक्रॉनचे केले, तर ६ चौरस मीटर! बोटाच्या पेराएवढ्या पदार्थात एका लहान खोलीच्या जमिनीएवढी सीमा लपलेली असते. मिश्रणाचे बरेवाईट या सीमेवर ठरते.

आता ठिसूळपणाकडे वळू. शेंगदाण्याच्या पुडीच्या कडेला बारीक खाच दिली, की पुडी सहज फाटते. ताण साऱ्या पुडीवर सारखा वाटला न जाता खाचेच्या टोकाशी गोळा होतो. पीएलएमध्येही कुठेतरी सूक्ष्म खाच असते. तिच्या टोकाशी गोळा झालेला ताण तडा पुढे ढकलतो आणि क्षणात सारा तुकडा दुभंगतो. वाटेत मऊ थेंब विखुरलेले असतील, तर ताण अनेक ठिकाणी वाटला जातो. प्रत्येक थेंबाभोवतीचे पीएलए थोडे थोडे ताणले जाते, आपल्या जागेवरून सरकते आणि या सरकण्यात तड्याची ऊर्जा खर्ची पडते. ज्या ऊर्जेने एक मोठी भेग पडली असती, ती हजारो लहान ठिकाणी विरून जाते.

पण याला एक अट आहे. थेंब भोवतालच्या पीएलएला धरून असला पाहिजे. पकड नसेल, तर ताण पडताच थेंब सुटतो आणि त्याच्या जागी पोकळी राहते. मोठा, सुटा थेंब तडा अडवण्याऐवजी स्वतःच खाच बनतो. भिंतीत विटा कितीही चांगल्या असल्या, तरी सांध्यात चुना नसेल तर भिंत उभी राहील काय?

मध्यस्थाचे काम

तेलकट ताट नुसत्या पाण्याने निघत नाही, साबणाने निघते. साबणाच्या रेणूचे एक टोक पाण्याला मानवते, दुसरे तेलाला. तो दोघांच्या सीमेवर उभा राहतो आणि दोघांना हात देतो. बहुवारिकांच्या मिश्रणातही असाच मध्यस्थ लागतो. त्याला कम्पॅटिबिलायझर म्हणतात. आदर्श मध्यस्थ म्हणजे अशी साखळी, जिचा अर्धा भाग एका बहुवारिकासारखा आणि अर्धा दुसऱ्यासारखा असतो. प्रत्येक अर्धा भाग आपापल्या गोतावळ्यात शिरून गुंततो आणि सीमा जणू शिवली जाते.

मध्यस्थ तीन कामे करतो. एक, सीमेवरील ताण कमी करतो; त्यामुळे थेंब अधिक बारीक होतात. दोन, थेंबांभोवती कवच तयार करून त्यांना पुन्हा एक होऊ देत नाही. तीन, पदार्थ थंड झाल्यावर सीमा बळकट करतो. त्यामुळे ताण एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे पोहोचतो. लक्षात घ्या, मध्यस्थामुळे दोन बहुवारिके एकजीव होत नाहीत. ती वेगळीच राहतात, पण एकमेकांना धरून राहतात. आणि हेच हवे असते; कारण दोन्ही पूर्ण मिसळली, तर तडा अडवणारे थेंबच उरणार नाहीत.

असा मध्यस्थ आधी तयार करून मग घालायचा, तर खर्च फार. म्हणून शास्त्रज्ञांनी युक्ती काढली: मध्यस्थ यंत्रातच, सीमेवरच जन्माला घालायचा. पीएलए आणि स्टार्चची जोडी घ्या. मॅलेइक अनहायड्राइड नावाचा लहान, क्रियाशील रेणू थोड्या पेरॉक्साइडच्या मदतीने पीएलएच्या साखळीवर कलमासारखा बसवतात. या कलमाचा स्टार्चच्या हायड्रॉक्सिल गटाशी संयोग होतो आणि दोन साखळ्या कायमच्या जोडल्या जातात. मिशिगन स्टेट विद्यापीठातील रमणी नारायण आणि त्यांचे सहकारी यांनी पीएलएवर असे कलम एक्स्ट्रूडरमध्येच करण्याची पद्धत १९९९ मध्ये प्रसिद्ध केली.

पीएलए व पीबीएटीसाठी दुसरा मार्ग आहे. दोन्ही साखळ्यांच्या टोकांशी कार्बॉक्सिल किंवा हायड्रॉक्सिल गट असतात. अनेक इपॉक्सी गट असलेला एखादा लहान रेणू शंभर भागांत एखाद्या भागाइतका, कधी त्याहूनही कमी, घातला की तो एका हाताने पीएलएचे टोक धरतो आणि दुसऱ्या हाताने पीबीएटीचे. जोडणी पूर्ण होते ती यंत्रातील मिनिट-दोन मिनिटांत.

या कामात पथ्येही सांभाळावी लागतात. साध्या स्टार्चमध्ये वजनाच्या १० ते १२ टक्के पाणी असते. तापलेल्या यंत्रात हे पाणी पीएलएच्या साखळ्याच तोडून टाकते. म्हणून पीएलएचे दाणे वितळवण्यापूर्वी इतके वाळवतात, की त्यांतील ओलावा दहा लाख भागांत २५० भागांपेक्षा कमी राहावा. ज्या गुणामुळे पदार्थ पुढे कुजणार, तोच गुण बनवताना आड येतो!

जमले की नाही, ओळखायचे कसे?

पहिली परीक्षा डोळ्यांची. दूध पांढरे दिसते, कारण त्यातील मेदाचे व प्रथिनांचे कण प्रकाश विखुरतात. पारदर्शक पीएलएमध्ये पीबीएटी घातले की तेही दुधाळ होते. म्हणजे आत थेंब आहेत, एकजीव मिश्रण झालेले नाही.

दुसरी परीक्षा तापमानाची. प्रत्येक बहुवारिकाला एक काच-संक्रमण तापमान असते. त्याखाली साखळ्या गोठल्यासारख्या जखडलेल्या असतात आणि पदार्थ काचेसारखा वागतो. त्यावर त्या हालचाल करू लागतात आणि पदार्थ मऊ पडतो. पीएलएचे हे तापमान ५५ ते ६० अंश सेल्सिअस, पीबीएटीचे उणे ३० च्या आसपास. मिश्रण हळूहळू तापवताना एकच संक्रमण दिसले, तर दोघे पूर्ण मिसळले; दोन दिसली, तर वेगळे आहेत; आणि दोन दिसूनही ती एकमेकांकडे थोडी सरकलेली असली, तर समजावे की सीमेवर जवळीक वाढली आहे. सोयरीक मोजण्याची ही तापमापकाची भाषा!

तिसरी परीक्षा सूक्ष्मदर्शकाची. उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये तुकडा बुडवून मोडतात आणि मोडलेला पृष्ठभाग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. थेंब निसटून गेल्याच्या स्वच्छ वाटोळ्या खळ्या दिसल्या, तर पकड नव्हती. थेंब जागेवरच मोडलेले दिसले, तर पकड पक्की. शेवटची परीक्षा अर्थातच पट्टी ताणून पाहण्याची. पीबीएटी बारीक थेंबांत नीट पसरले असेल, तर पीएलएची ताणली जाण्याची क्षमता कित्येक पटींनी वाढते. त्याची किंमतही मोजावी लागते. ताठरपणा आणि ताणबल काहीसे घटतात. बीएएसएफने २००६ मध्ये पीबीएटी व पीएलए यांचे असेच मिश्रण ‘इकोव्हिओ’ या नावाने आणले. इटलीतील नोव्हामाँट कंपनीने स्टार्चच्या मिश्रणांवर दीर्घकाळ काम केले. त्याबद्दल कातिया बास्तिओली यांच्या गटाला २००७ चा युरोपीय संशोधक पुरस्कार मिळाला.

टिकावे किती, कुजावे केव्हा?

येथे खरा पेच आहे. पिशवी हातात असेपर्यंत टिकली पाहिजे आणि खतात गेल्यावर नाहीशी झाली पाहिजे. मध्यस्थाने सीमा घट्ट शिवली, की पाणी आणि सूक्ष्मजीव आत शिरण्याच्या वाटाही अरुंद होऊ शकतात. शिवाय मध्यस्थ स्वतः कुजणारा असेलच असे नाही. म्हणून युरोपातील ईएन १३४३२ या मानकात त्याचा विचार केलेला आहे. एखादा घटक १ टक्क्याहून कमी असेल, तर त्याची स्वतंत्र विघटन-चाचणी लागत नाही. पण असे सगळे घटक मिळून ५ टक्क्यांच्या वर जाता कामा नयेत. एकूण पदार्थाचे ९० टक्के विघटन ६ महिन्यांच्या आत व्हावे आणि १२ आठवड्यांनंतर २ मिलिमीटरच्या चाळणीवर १० टक्क्यांहून अधिक भाग उरू नये, अशा कसोट्या आहेत. भारतात यासाठी आयएस/आयएसओ १७०८८ हे मानक आहे.

मात्र विघटनाची ही चाचणी ५८ अंश सेल्सिअसच्या आसपास घेतात, हे विसरू नका. मोठ्या कंपोस्ट खताच्या ढिगात एवढी उष्णता असते. पीएलएचे काच-संक्रमण तापमान आठवले, तर याचे महत्त्व ध्यानात येईल. त्या तापमानाजवळ साखळ्या सैल होतात, पाणी आत शिरते, बंध तुटतात आणि मग सूक्ष्मजीव आखूड तुकडे फस्त करतात. गटारात, रस्त्याकडेला किंवा समुद्रात ही उष्णता नसते. प्लिमथ विद्यापीठातील इमोजेन नॅपर व रिचर्ड थॉम्पसन यांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात कंपोस्ट होणारी एक पिशवी समुद्राच्या पाण्यात तीन महिन्यांत दिसेनाशी झाली. पण मातीत पुरलेली तशीच पिशवी २७ महिन्यांनंतरही शिल्लक होती. ‘जैवविघटनशील’ म्हणून विकलेली एक पिशवी तर तीन वर्षांनंतरही सामान उचलू शकत होती. तेव्हा ‘कुजणारे’ हा शब्द अपुरा आहे. कोठे, किती उष्णतेत आणि किती दिवसांत, हे विचारल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

इतिहासही हेच सांगतो. ब्रिटनमधील ब्रुनेल विद्यापीठात जी. जे. एल. ग्रिफिन यांनी १९७० च्या दशकात पॉलिथीनमध्ये स्टार्चचे कण घालून पाहिले. अशा पिशवीतील स्टार्च सूक्ष्मजीवांनी खाल्ला, तरी पॉलिथीन मागे राहते. मिश्रणातील एकच घटक कुजणारा असेल, तर उरतो तो चुरा.

महाराष्ट्रात २३ मार्च २०१८ रोजी प्लॅस्टिकबंदीची अधिसूचना निघाली. देशभर १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरून टाकायच्या कित्येक प्लॅस्टिक वस्तूंवर बंदी आली आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून साध्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांना किमान १२० मायक्रॉन जाडीची अट लागू झाली. कंपोस्ट होणाऱ्या पिशव्यांना जाडीच्या अटीतून सूट आहे. पण त्यासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रमाणपत्र लागते. शेतातही हा प्रश्न आहेच. टोमॅटो, मिरची, कलिंगड यांच्या वाफ्यांवर अंथरलेला मल्चिंग पेपर पॉलिथीनचा असेल, तर हंगामानंतर तो गोळा करावा लागतो आणि फाटलेले तुकडे मातीत राहतात. मातीत कुजणाऱ्या अशा आच्छादनांसाठी युरोपात २०१८ मध्ये ईएन १७०३३ हे वेगळे मानक आले. त्यात साध्या मातीच्या तापमानाला दोन वर्षांत ९० टक्के विघटनाची अट आहे. खताच्या ढिगासाठी बनवलेले मिश्रण शेतात चालेलच असे नाही. प्रत्येक कामासाठी घटकांचे प्रमाण वेगळे ठरवावे लागते.

वर्गात करून पाहा

एक मोठा चमचा कॉर्नफ्लोअर, चार मोठे चमचे पाणी, एक चहाचा चमचा व्हिनेगर आणि एक चहाचा चमचा ग्लिसरीन एकत्र करा. शिक्षकांच्या देखरेखीखाली मंद आचेवर सारखे ढवळत राहा. मिश्रण दाट व काहीसे पारदर्शक झाले, की तेलाचा हात फिरवलेल्या ताटलीत पातळ पसरा आणि एक-दोन दिवस वाळू द्या. दुसऱ्या ताटलीत ग्लिसरीन न घालता आणि तिसरीत दुप्पट ग्लिसरीन घालून हाच प्रयोग करा. तिन्ही पापुद्र्यांच्या सारख्या रुंदीच्या पट्ट्या कापा. कोणती मोडते, कोणती वाकते, एका टोकाला वजने टांगली तर कोणती किती वाढते, याची नोंद ठेवा. प्रत्येक पट्टीचा एक तुकडा पाण्यात व एक कुंडीतील ओल्या मातीत ठेवून रोज पाहा. आठवड्यानंतर उरलेल्या पट्ट्या पुन्हा वाकवून बघा. घरातील प्लॅस्टिकच्या पिशव्या मात्र कोणीही वितळवू नयेत. त्यांतून घातक वायू निघू शकतात.

दुसरा प्रयोग सोपा आहे. दोन बाटल्यांत सारखे पाणी व गोडेतेल घ्या. एकीत साबणाच्या पाण्याचे काही थेंब टाका. दोन्ही सारख्याच जोराने हलवा आणि तेल वर यायला किती मिनिटे लागतात, ते घड्याळ लावून मोजा. दोन बाटल्यांच्या वेळेतील फरक म्हणजे मध्यस्थाची किमया.

आणि पुढच्या वेळी कंपोस्ट होणारी पिशवी हाती आली, की तीन गोष्टी तपासा: तिच्यावर मानकाचा क्रमांक आहे का, प्रमाणपत्राचा उल्लेख आहे का, आणि ती वापरून झाल्यावर खताच्या ढिगापर्यंत पोहोचण्याची सोय आपल्या गावात आहे का. पहिल्या दोन गोष्टींची जबाबदारी कारखान्याची. तिसरीची सोय झाली नाही, तर प्रयोगशाळेत जुळवलेली ही सोयरीक रस्त्याकडेच्या कचऱ्यातच पडून राहील.